प्लेन ट्यूबचा नसेल्ट नंबर जुळत नाही: दोष शोधायचा कुठून?

नळीत ट्विस्टेड टेप, वायर कॉइल किंवा असलंच काही इन्सर्ट घालून हीट ट्रान्सफर वाढवण्यावर जे एम.टेक.चं काम करतात, त्यांचं काम दरवर्षी एकाच जागी अडतं. इन्सर्ट तयार असतात, ब्लोअर चालतो, रीडिंगही येतात. पण इन्सर्ट न घालता मोकळ्या नळीवर (प्लेन ट्यूब) काढलेला नसेल्ट नंबर, म्हणजे भिंतीकडून हवेला उष्णता किती जोमाने जाते याचा एककरहित आकडा, डिट्टस-बोल्टरच्या नेहमीच्या सूत्राशी जुळत नाही. कुणाचा वीस टक्के वर जातो, कुणाचा तीस टक्के खाली. सगळ्यात गोंधळात टाकणारी तक्रार अशी: "सर, हवेने घेतलेली उष्णता हीटरला दिलेल्या विजेपेक्षा जास्त येते आहे."

रिव्ह्यू जवळ आला की कुणीतरी करेक्शन फॅक्टर लावायला सांगतं. कृपा करून लावू नका. प्लेन ट्यूबचं रीडिंग चुकलं असेल तर "टेपमुळे हीट ट्रान्सफर दीडपट झालं" या वाक्याला आधारच राहत नाही. आणि चूक शोधता येते. प्रत्येक दोष आकड्यांमध्ये वेगळी खूण सोडतो, ती ओळखायला शिकलं की सेटअप पुन्हा पुन्हा खोलत बसावं लागत नाही.

बोलायला सोपं जावं म्हणून आपल्याकडच्या बहुतेक लॅबमध्ये असतो तोच सेटअप धरू या: आतून २८ मिमी व्यासाची नळी, ४०० मिमी लांबीचा टेस्ट सेक्शन, त्यावर नायक्रोमचा हीटर, वरून ग्लास वूल, मागे ब्लोअर, १४ मिमीचं ऑरिफिस (प्रवाह मोजायची भोकाची चकती) आणि तिच्यावरचा दाबातला फरक मोजायला पाण्याचा यू-ट्यूब मॅनोमीटर. रेनॉल्ड्स नंबर (प्रवाह किती खळबळीचा आहे हे सांगणारा एककरहित आकडा) १०,००० असताना या नळीत हवा सेकंदाला साधारण साडेसहा मीटर वेगाने जाते, ऑरिफिसवर ८५ मिमीच्या आसपास पाणी चढतं आणि ५० वॅट दिले तर हवा ११-१२ अंश तापते. तुमचे आकडे यापासून फार दूर असतील तर आधी मोजमापाची एककं तपासा. पुढचं वाचायची गरजही पडणार नाही कदाचित.

हीटर बंद ठेवून सुरुवात

पहिली चाचणी फुकट आहे आणि तरी ती क्वचितच कुणी करतं. हीटर पूर्ण बंद ठेवा, फक्त ब्लोअर अर्धा-पाऊण तास चालवा, आणि सगळ्या थर्मोकपलचं, म्हणजे तापमान मोजणाऱ्या तारांच्या जोडांचं, रीडिंग लिहून घ्या. नळी, आत येणारी हवा, बाहेर जाणारी हवा, सगळं एकाच तापमानाला असायला हवं. के टाइप थर्मोकपलची साधी मान्य मर्यादा अधिक-उणे २.२ अंशांची आहे. म्हणजे दुकानातून आणलेले दोन नवे थर्मोकपल एकाच हवेत तीन-चार अंशांचा फरक दाखवत असतील तरी दोघेही "चांगले"च म्हणायचे! हवेचा एकूण चढच १२ अंशांचा असेल तर तीन अंशांच्या फरकाने काय होतं हे वेगळं सांगायला नको.

हा फरक प्रत्येक थर्मोकपलपुढे लिहून ठेवा आणि नंतरच्या रीडिंगमधून वजा करा. शक्य असेल तर सगळे थर्मोकपल एकत्र बांधून पाण्याच्या भांड्यात, एका चांगल्या काचेच्या थर्मामीटरसोबत, ३० ते ८० अंशांपर्यंत तपासा. फरक तापमानाप्रमाणे बदलत असेल तर एका आकड्याने वजाबाकी पुरत नाही.

या चाचणीत अजून एक गोष्ट उघडी पडते. आत येणाऱ्या हवेचा थर्मोकपल ब्लोअरच्या आधी बसवला असेल तर हवा नळीत शिरेपर्यंत एक-दोन अंश तापलेली असते, कारण ब्लोअर स्वतःच तिला तापवतो. हीटर बंद असूनही बाहेरची हवा आतल्या हवेपेक्षा गरम दिसली तर हे पाहा. थर्मोकपलची जागा टेस्ट सेक्शनच्या तोंडाशी, ब्लोअरनंतर.

तापमान दाखवणारा इंडिकेटर कुठे ठेवला आहे तेही बघा. त्याचं कोल्ड जंक्शन, म्हणजे थर्मोकपलच्या मोजणीचं संदर्भ टोक, इंडिकेटरच्या टर्मिनलपाशी असतं. टर्मिनलवर एका बाजूने खिडकीतून ऊन आणि दुसऱ्या बाजूने कूलरचा झोत येत असेल तर सगळी रीडिंग हलत राहतात. एप्रिल-मेमध्ये लॅबमध्ये कूलर लागतोच, त्याला इलाज नाही. पण त्याचं तोंड टेस्ट पाइपकडे नको आणि इंडिकेटरकडेही नको.

हवेची घनता: आपल्याकडची खास चूक

"हवेने घेतलेली उष्णता विजेपेक्षा जास्त" या तक्रारीचं सगळ्यात नेहमीचं कारण पुस्तकातल्या तक्त्यात आहे. तक्ता एक ॲटमॉस्फिअर दाबासाठी असतो. २० अंशांना हवेची घनता त्यात १.२०४ किलो प्रति घनमीटर दिलेली असते, आणि अनेक जण सरळ १.२ धरून पुढे जातात. मुंबईत हिवाळ्यात ते चालून जाईल. छत्रपती संभाजीनगर समुद्रसपाटीपासून सुमारे ५६८ मीटर उंचीवर आहे. तिथला दाब १०१.३ नव्हे, ९४-९५ किलोपास्कलच्या आसपास असतो. नांदेड त्यापेक्षा खाली, साडेतीनशे मीटरच्या पातळीत, तरी तिथेही दाब ९७ च्या जवळपास येतो. त्यात लॅबवर पत्र्याचं छप्पर आणि मे महिना असला की ब्लोअरमधून येणारी हवा ४० अंशांच्या वर असते. ९४.७ किलोपास्कल आणि ४० अंशांना आदर्श वायूच्या समीकरणाने घनता काढली तर ती १.०५ येते. १.२०४ आणि १.०५, म्हणजे चौदा टक्क्यांची तफावत!

ऑरिफिसवरून काढलेला वस्तुमान-प्रवाह घनतेच्या वर्गमुळावर अवलंबून असतो. त्यामुळे प्रवाह सात टक्के जास्त निघतो आणि हवेने घेतलेली उष्णताही सात टक्के जास्त. नळीवर इन्सुलेशन चांगलं असेल, खरा लॉस (बाहेर निसटणारी उष्णता) पाच टक्केच असेल, तर हवेची उष्णता विजेच्या वर जाऊन बसते. विद्यार्थी मग हीटरचं ॲमीटर बदलतो, व्होल्टमीटर बदलतो, आणि दोष तिथे नसतोच.

ही चूक लपून का राहते ते नीट समजून घ्या, कारण सगळा गुंता तिथे आहे. नसेल्ट सात टक्के वाढतो, पण रेनॉल्ड्सही सात टक्के वाढतो, आणि डिट्टस-बोल्टरमध्ये रेनॉल्ड्सचा घात ०.८ आहे; म्हणजे तुलनेचा आकडाही साडेपाच टक्क्यांनी वर सरकतो. प्रयोग आणि सूत्र यांच्यातला फरक जेमतेम दीड टक्का बदलतो. आलेख छान जुळतो! फ्रिक्शन फॅक्टरही (नळीतलं घर्षण सांगणारा आकडा) गप्प बसतो: त्याच्या सूत्रात घनता अंशस्थानी आणि वस्तुमान-प्रवाहाचा वर्ग छेदस्थानी असतो, दोन्ही चौदा टक्के वाढतात आणि एकमेकांना खाऊन टाकतात. फक्त हीट बॅलन्स, म्हणजे दिलेली वीज आणि हवेने घेतलेली उष्णता यांचा ताळा, खरं बोलतो. म्हणून "माझं व्हॅलिडेशन जुळलं, हीट बॅलन्सचं काय एवढं" असं म्हणणाऱ्याला मी पहिला प्रश्न घनता कुठून घेतली हाच विचारतो.

उपाय सोपा. लॅबमध्ये फोर्टिनचा बॅरोमीटर असेल तर त्याचं रीडिंग रोज घ्या. नसेल तर फोनमधला दाबमापक सेन्सरही चालेल. मात्र हवामानाच्या ॲपमधला दाब बहुतेक वेळा समुद्रसपाटीला आणून दिलेला असतो, तो वापरू नका. घनता ऑरिफिसपाशी असलेल्या तापमानाला काढा, टेस्ट सेक्शनच्या सरासरी तापमानाला नव्हे. आणि रेनॉल्ड्स नंबर वेगावरून काढण्याऐवजी वस्तुमान-प्रवाहावरून काढा: चार गुणिले वस्तुमान-प्रवाह, भागिले पाय (π), व्यास आणि डायनॅमिक व्हिस्कॉसिटी यांचा गुणाकार. डायनॅमिक व्हिस्कॉसिटीवर या पल्ल्यात दाबाचा परिणाम जवळजवळ नसतो, तक्त्यातली तशीच चालते. कायनेमॅटिक व्हिस्कॉसिटी तक्त्यातून उचलली तर घनतेची तीच चूक मागच्या दाराने परत शिरते.

ऑरिफिसचा डिस्चार्ज कोइफिशंट (आदर्श हिशेबाच्या तुलनेत खरा प्रवाह किती) ०.६ धरला आणि खरा ०.६४ असला, किंवा ऑरिफिस आणि टेस्ट सेक्शन यांच्यामध्ये गॅस्केटमधून हवा गळत असली, तर मात्र चित्र वेगळं दिसतं. तेव्हा फ्रिक्शन फॅक्टर ओरडून सांगतो. कोइफिशंटमधल्या साडेसहा टक्क्यांच्या चुकीने तो तेरा-चौदा टक्के हलतो. गळती शोधायला साबणाचं पाणी पुरेसं आहे.

फ्रिक्शन फॅक्टर मोजायचा तर यू-ट्यूब सोडा

गुळगुळीत नळीसाठी ब्लासियसचं सूत्र सगळ्यांना पाठ असतं: ०.३१६ भागिले रेनॉल्ड्सचा पाव घात. पण टेस्ट सेक्शनवरचा दाबातला फरक किती असतो याचा हिशेब आधी करून पाहा. आपल्या नळीत, रेनॉल्ड्स १०,००० ला, ४०० मिमी लांबीवर तो जवळपास १० पास्कल आहे. म्हणजे पाण्याचा एक मिलिमीटर! उभ्या यू-ट्यूबमध्ये एक मिलिमीटर वाचायचा आणि त्यावर तीन दशांश स्थळांचा फ्रिक्शन फॅक्टर लिहायचा, याला मोजमाप म्हणता येणार नाही. दहास एक उताराचा तिरका मॅनोमीटर बनवून घ्या. लॅबमध्येच बनतो, काचेची नळी, लाकडी फळी आणि स्पिरिट लेव्हल लागते. किंवा डिजिटल मायक्रोमॅनोमीटर कुठून तरी मागून आणा. इन्सर्ट घातल्यावर दाबातला फरक अनेक पटींनी वाढतो म्हणून तिथे यू-ट्यूब चालून जातो, पण भाजक प्लेन ट्यूबचा असतो आणि चूक तिथेच शिरते.

प्रेशर टॅपिंगची भोकं पाडल्यावर आतली बर काढली आहे का, हे बोट फिरवून बघा. बोट पोचत नसेल तर टॉर्च लावून बघा. आत आलेला धातूचा बारीक काठ दहा पास्कलमध्ये सहज दोन पास्कलची भर घालतो.

आता उष्णतेकडे

प्रवाहाचं मोजमाप पक्कं झालं, फ्रिक्शन फॅक्टर पाच-सात टक्क्यांत आला, तरी नसेल्ट चुकतो आहे. म्हणजे दोष उष्णतेच्या बाजूला. इथे विचलन कुठल्या बाजूला वाढतं हे बघणं सगळ्यात कामाचं.

कमी रेनॉल्ड्सला नसेल्ट जास्त वर जातो आणि जास्त रेनॉल्ड्सला जुळत येतो: हा हीट लॉस. तुम्ही व्होल्ट गुणिले अँपिअर हीच हवेला मिळालेली उष्णता धरली आहे. प्रवाह कमी केला की नळी जास्त तापते आणि बाहेर जाणारी उष्णता वाढते. आपल्या नळीवर ५० मिमी ग्लास वूल असेल तर रेनॉल्ड्स १०,००० ला ५० वॅटपैकी तीन-साडेतीन वॅट इन्सुलेशनमधून जातात. रेनॉल्ड्स ४,००० ला तो आकडा सातच्या घरात जातो, आणि दोन्ही टोकांच्या फ्लँजमधून जाते ती उष्णता यात धरलेलीच नाही. लोखंडी फ्लँज थेट ब्लोअरच्या पाइपला बोल्टने आवळलेली असेल तर मध्ये बेकेलाइट किंवा टेफ्लॉनची चकती घाला. आणि लॉस अंदाजाने धरू नका, मोजा: ब्लोअर बंद, नळीची दोन्ही तोंडं ग्लास वूलने बंद, हीटरला अगदी थोडे वॅट द्या आणि तापमान स्थिर होऊ द्या. तेव्हा जात असलेली सगळी वीज म्हणजेच लॉस. तीन-चार वेगवेगळ्या वॅटवर हे करून नळी आणि खोली यांच्या तापमानातल्या फरकासमोर मांडलं की जवळपास सरळ रेषा मिळते. ती रेषा पुढे वर्षभर उपयोगी पडते, इन्सुलेशन उघडलं नाही तोवर.

उलट चित्र, म्हणजे कमी रेनॉल्ड्सला जुळतो आणि जास्त रेनॉल्ड्सला नसेल्ट खाली खाली राहतो: हा थर्मोकपलच्या बसवणीचा दोष. थर्मोकपल नळीच्या धातूत न बसता अभ्रकाच्या आणि हीटरच्या मध्ये कुठेतरी दबलेला आहे, तो नळीचं तापमान न सांगता हीटरचं सांगतो. उष्णतेच्या वाटेत अडकलेला हा विरोध प्रवाहाने बदलत नाही. जोवर हवेचा स्वतःचा विरोध मोठा आहे तोवर तो दिसत नाही. प्रवाह वाढला, हवेचा विरोध कमी झाला, की तो डोकं वर काढतो. उपाय एकच: नळीच्या भिंतीत उथळ खाच पाडून थर्मोकपलचं टोक ब्रेझ करायचं किंवा उष्णता-वाहक सिमेंटने बसवायचं, आणि तार बाहेर काढण्याआधी दोन-तीन सेंटिमीटर नळीलगत घेऊन जायची, म्हणजे तारेतून उष्णता निसटत नाही. वाळूज किंवा चिकलठाण्याच्या एमआयडीसीत हे काम स्वच्छ करून देणारे कारागीर आहेत. पण नळी सोपवून निघून येऊ नका, शेजारी उभं राहून करून घ्या, कारण टोक नेमकं कुठे हवं हे त्यांना तुम्हीच सांगू शकता.

तिसरी खूण: प्रवाह तोच ठेवून वॅट बदलले तर नसेल्ट बदलतो. तो बदलायला नको. गुणधर्म तापमानाने बदलतात, पण इतके नाही. बदलतो आहे म्हणजे कुठल्या तरी तापमानात ठरावीक अंशांची चूक आहे, जी वॅट कमी असताना जास्त बोचते. हीटर बंद ठेवून करायची चाचणी न करणाऱ्यांना इथे परत मागे जावं लागतं.

बाहेर पडणाऱ्या हवेचं तापमान हा स्वतंत्र विषय आहे. तापलेल्या नळीत भिंतीलगतची हवा गरम आणि मधली तुलनेने थंड असते. नळीच्या तोंडाशी मधोमध एक थर्मोकपल लावला तर तो खऱ्या सरासरीपेक्षा कमी दाखवतो, हवेची उष्णता कमी निघते आणि लॉस उगाच मोठा दिसतो. इथे सावध राहा: घनतेची चूक उष्णता वाढवते, ही चूक कमी करते, आणि दोन्ही एकत्र असल्या तर हीट बॅलन्स देखणा येतो. म्हणून हीट बॅलन्स जुळला तरी टेस्ट सेक्शननंतर मिक्सिंग चेंबर हवाच. नळीला जोडून इन्सुलेट केलेला एक छोटा डबा, आत दोन-तीन आडवे बॅफल, आणि त्यांच्या पलीकडे थर्मोकपल. एवढंच पुरतं.

व्होल्टेज, आणि थांबायची तयारी

हीटरची शक्ती व्होल्टेजच्या वर्गावर जाते. २३० चे २१५ झाले की साडेबारा टक्के वीज गेली. गावाबाहेरच्या कॉलेजांमध्ये शेतीपंपांची वीज आली-गेली की दिव्याचा उजेडसुद्धा बदलतो, मग हीटरचं काय होत असेल. व्होल्टेज पडल्यावर तापलेलं ग्लास वूल आणि जाड नळी साठवलेली उष्णता हवेला देत राहतात. त्या क्षणी रीडिंग घेतलं तर हवेची उष्णता विजेपेक्षा जास्त, आणि घनता बरोबर असूनही तीच जुनी तक्रार. सर्वो स्टॅबिलायझर लावा, डिमरस्टॅट (व्होल्टेज कमी-जास्त करायचं साधन) त्याच्यानंतर. पंख्याच्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरने हीटर चालवू नका: त्यातून येणारी लाट कापलेली असते आणि साधे मीटर ती चुकीची वाचतात. तोच वापरणं भाग असेल तर ट्रू आरएमएस मीटर हवा.

स्थिर अवस्था म्हणजे "तासभर झाला" नव्हे. सगळी तापमानं पंधरा मिनिटांत ०.२ अंशांपेक्षा जास्त हलली नाहीत, आणि त्या काळात खोलीचं तापमानही हललं नाही, तेव्हा ती आली असं म्हणा. मे महिन्यात सकाळी अकरा ते दुपारी दोन या वेळात पत्र्याखालची खोली सतत तापत असते. आत येणारी हवा तासाला तीन-चार अंश चढत असेल तर स्थिर अवस्था येणारच नाही. पहाटे पाचला लॅब उघडून मिळत असेल तर ती वेळ घ्या. मी माझ्या विद्यार्थ्यांना हाच आग्रह करतो, आणि पहाटेची रीडिंग दुपारच्यांपेक्षा किती शांत असतात हे त्यांना पहिल्याच दिवशी दिसतं.

ज्याच्याशी तुलना करता, ते सूत्रही तपासा

सगळं दुरुस्त केलं आणि तरी नसेल्ट पंधरा-वीस टक्के वर असेल, तर आता सूत्राकडे वळा. डिट्टस-बोल्टर रेनॉल्ड्स १०,००० च्या वरच्या, पूर्ण विकसित प्रवाहासाठी आहे, आणि त्यातही २५ टक्क्यांपर्यंत चूक होऊ शकते असं पाठ्यपुस्तकंच सांगतात. आपला ब्लोअर बहुतेक वेळा ४,००० ते १२,००० या पट्ट्यात चालतो. तिथे १९७६ चं निएलिन्स्कीचं सूत्र वापरा, ते ३,००० पासून पुढे चालतं. हवेसाठी रेनॉल्ड्स १०,००० ला डिट्टस-बोल्टर ३१.८ देतं आणि निएलिन्स्की ३०, फरक किरकोळ. ४,००० ला तेच १५.३ आणि १३.६ होतात. कमी रेनॉल्ड्सला "प्रयोग खाली येतो" म्हणणाऱ्यांपैकी काहींचा प्रयोग बरोबर असतो.

(डिट्टस-बोल्टरच्या सूत्रातला ०.०२३ हा गुणांक १९३० च्या त्यांच्या मूळ शोधनिबंधात नाही. तिथे हवा-पाणी तापवण्यासाठी ०.०२४३ आणि थंड करण्यासाठी ०.०२६५ आहे. आपण वापरतो ते रूप मॅकॲडम्सने रूढ केलं, हे विंटरटनने १९९८ मध्ये दाखवून दिलं. व्हायवामध्ये कुणी विचारेल म्हणून नव्हे, आपण काय वापरतो आहोत हे माहीत असावं म्हणून सांगतो.)

आणि लांबी. ४०० भागिले २८, म्हणजे १४. एवढ्या आखूड नळीत सुरुवातीच्या भागातलं वाढीव हीट ट्रान्सफर सरासरीत उतरतंच. त्यासाठीचा गुणक आहे: एक अधिक व्यास-लांबी गुणोत्तराचा दोन-तृतीयांश घात. आपल्या नळीला तो १.१७ येतो. सतरा टक्के! कित्येकांचं "न जुळणारं" व्हॅलिडेशन एवढ्यानेच जुळतं. हा गुणक मी सुरुवातीला नको म्हटलेल्या करेक्शन फॅक्टरपेक्षा वेगळा आहे: त्यामागे भौतिक कारण आहे आणि तो रीडिंग बघण्याआधीच ठरलेला असतो. मात्र तो हवा नळीच्या तोंडाशी कशी शिरते यावर अवलंबून असल्याने, टेस्ट सेक्शनच्या आधी त्याच व्यासाची, न तापवलेली सरळ नळी किती लांब आहे हे प्रबंधात लिहा.

अनिश्चिततेचा हिशेब क्लाइन आणि मॅक्लिंटॉक यांच्या १९५३ च्या पद्धतीने कराच, आणि शेवटच्या आठवड्यात न करता पहिल्या आठवड्यात करा. मॅनोमीटर एक मिलिमीटरपर्यंत वाचता येतो असं धरलं तर ८६ मिमीवर वस्तुमान-प्रवाहातली अनिश्चितता अर्धा-पाऊण टक्का. रेनॉल्ड्स ४,००० ला पाणी चढतंच जेमतेम १४ मिमी, तिथे ती साडेतीन टक्क्यांच्या वर. दोन थर्मोकपल अर्ध्या अंशापर्यंत खरे असले तर १२ अंशांच्या चढात सहा टक्के गेले. अशा सेटअपवर कुणी हीट बॅलन्स दोन टक्क्यांत जुळल्याचं सांगत असेल, तर मला त्या आकड्याची काळजी वाटते.

पाण्यावरचा सेटअप असेल तर

ट्यूब-इन-ट्यूब हीट एक्स्चेंजरवर काम करणाऱ्यांचं दुखणं वेगळं आहे. पाठ्यपुस्तकात थंड पाणी नळाला जोडलेलं आणि निचऱ्यात सोडलेलं असतं. आपल्याकडे ते शक्य नाही, आणि करूही नये. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. म्हणून तेच पाणी टाकीतून फिरवलं जातं. टाकी हळूहळू तापते, थंड पाण्याचं आत येणारं तापमान चढत राहतं, आणि स्थिर अवस्था हाती लागत नाही. पाणी न सांडता यावर दोन मार्ग आहेत. टाकी मोठी घ्यायची: पाचशे लिटर पाण्याला दोन किलोवॅट दिले तर तासाला साडेतीन अंशांच्या आसपास चढ, दोन हजार लिटरला एक अंशाहून कमी. किंवा परतीचं पाणी छोट्या कूलिंग टॉवरवरून घ्यायचं. इथल्या कोरड्या उन्हाळ्यात वेट बल्ब तापमान (ओलं कापड गुंडाळलेल्या थर्मामीटरचं) खूप खाली असतं, त्यामुळे डेझर्ट कूलरच्या पॅडचा घरगुती टॉवरसुद्धा चांगलं काम करतो. मात्र उडालेल्या पाण्याची भर टाकत राहिलं की क्षार साठत जातात, आणि तिथून पुढचा त्रास सुरू होतो.

बोअरचं पाणी बेसॉल्टमधून आलेलं, जड. नळीत क्षारांचा थर बसतो. अर्धा मिलिमीटर थर, त्याची उष्णता-वाहकता दोन वॅट प्रति मीटर-केल्विन धरली, तर त्याचा विरोध ४,००० वॅट प्रति चौरस मीटर-केल्विन असलेल्या पाण्याच्या प्रवाहाइतकाच होतो. नवा असताना जुळणारा सेटअप दुसऱ्या वर्षीच्या विद्यार्थ्याला तीस-चाळीस टक्के खाली दिसतो, आणि त्या बिचाऱ्याला वाटतं आपलंच गणित चुकलं. खात्री करायला विल्सन प्लॉट काढा. १९१५ ची पद्धत आहे: बाहेरचा प्रवाह आणि तापमान स्थिर ठेवून आतल्या पाण्याचा वेग बदलत जायचं, आणि एकूण विरोध वेगाच्या ०.८ घाताच्या व्यस्तासमोर मांडायचा. रेषेचा उतार आधीचाच आणि छेदबिंदू वर सरकलेला दिसला, तर आतलं हीट ट्रान्सफर ठीक आहे, थर साचला आहे. सौम्य सायट्रिक ॲसिड काही तास फिरवा, स्वच्छ पाण्याने धुऊन काढा, पुन्हा प्लॉट काढा आणि दोन्ही रेषा एकाच आलेखावर ठेवा. पुढच्या बॅचसाठी तो कागद सेटअपजवळच्या फाइलमध्ये लावून ठेवा, तारखेसकट.

इन्सर्टची रीडिंग घेताना

प्लेन ट्यूब मार्गी लागल्यावर एकच सांगायचं आहे. नसेल्टचं गुणोत्तर काढताना खाली स्वतःच्या नळीवर, त्याच रेनॉल्ड्सला, त्याच वॅटला, शक्यतो त्याच दिवशी घेतलेला आकडा ठेवा. सूत्रातून काढलेला ठेवू नका. उरलीसुरली पद्धतशीर चूक दोन्हीकडे सारखी असते आणि भागाकारात बरीचशी निघून जाते. फ्रिक्शनचं गुणोत्तरही तसंच काढा आणि त्याच्या घनमुळाने नसेल्टचं गुणोत्तर भागा, म्हणजे पंपाची शक्ती समान ठेवून तुलना झाली. हा आकडा एकाच्या खाली आला तर तो तसाच लिहा. कमी पीळ-गुणोत्तराच्या घट्ट पिळाच्या टेपवर, जास्त रेनॉल्ड्सला, हवेत असं होऊ शकतं, आणि कुठला टेप कुठे वापरू नये हे कळणं हाही त्या कामाचाच निष्कर्ष आहे.